मुकं पाणी

६ मे, गेर्ग्योवदेन

ताई,

आज गेर्ग्योवदेनचा सण, आपल्याकडे घरोघर कोकरू भाजलं असेल. मी इथे गोदामाच्या पायरीवर बसून थंड सॉसेज खाल्लं. नेज्मी शेजारी होता. तो आपल्याच देशातला, तुर्कांच्या वस्तीतला. डुकराचं खात नाही, म्हणून त्याच्या वाटचंही मीच खाल्लं. म्हणजे उपाशी नाही, एवढं तुला कळावं.

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. पोस्टातल्या बाईंनी ती चुलीत घातली असतील, असं मी धरून चाललोय. फोन करावा तर गावच्या तारा चोरांनी तांब्यासाठी पुन्हा कापून नेल्या म्हणे. मग राहिलं काय, कागदच. सातवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, ग्रोझदान, तुला अक्षरं कधी लागणार आहेत! बघ, लागली.

काम वाळक्या पाल्याचं आहे. जगभरातून पोती येतात, पुदिना, कॅमोमाइल, आणखी काय काय. आम्ही निवडायचं, कापायचं, खोक्यात भरायचं. परवा एका पोत्यावर आपल्या जिल्ह्याचं नाव होतं. मी त्यात तोंड घालून वास घेतला तर मुकादम ओरडला. जर्मन शिव्या मला अजून समजत नाहीत, त्यामुळे लागतही नाहीत.

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारणार नाही. बघ, विचारलं नाही. आत्याच्या घरी, पाहुण्यांसमोर मी तुझ्यापुढची खाऱ्या चीजची बशी ओढून घेतली, तेव्हा तू म्हणालीस, "घे, सुरी घे, पोट काप आणि परत घे तुझी किडनी! मला रोजची चौकी नको." सगळे हसले. मी हिवाळ्याच्या तोंडावर, दुसऱ्याच सकाळच्या बसने निघालो. रागानेच निघालो, पण तसंही मी कुठे फार टिकतो? पाय एका जागी राहत नाहीत माझे. इथूनही स्पेनला जाईन म्हणतो.

ऑपरेशननंतर तू सारखी विचारायचीस, "दुखतं का रे तिथे?" अगं, रिकाम्या जागी काय दुखणार? पोती उचलतो मी.

तुझा
ग्रोझदान


२७ मे

ताई,

आज गावाकडून मिन्चोची बस आली. पेट्रोलपंपामागे उभी करतो आणि सगळ्यांना गावाकडची गाठोडी वाटतो. माझी पाळी आली की मुद्दाम ओरडतो, "एक किडनीवाला ग्रोझदान कुठेय?" आता तर अनोळखी माणसंही मला त्याच नावाने हाक मारतात.

आत्याने पाठवलेली ल्युतेनित्साची बरणी मिळाली. पावाला लावून निम्मी संपवली. नेज्मी म्हणाला, "तुमच्याकडे मिरच्या भाजताना जाळतात का?" मी म्हटलं, तू निम्मी खाऊन मग विचारतोयस.

मिन्चोला विचारलं, "ताईने काही निरोप दिलाय?"

"निरोप नाही. पण तुझी बहीण हसायला लागलीय. हिवाळाभर काय दशा होती तिची! शिवणाच्या कारखान्यातून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. जेव म्हटलं तर जेवायची, बोल म्हटलं तर नाही. आता मशीनवर गाणी म्हणते. गाल कसे भरलेत! एखादा बरा मुलगा बघा आता."

भिंतीकडे तोंड करून पडायचीस, हे मला कोणी कळवलं नाही. मला वाटत होतं, तू मजेत असशील, खारं चीज खात.

"बरी कशाने झाली?" मी विचारलं. तो कानाशी आला. "आत्याने मुकं पाणी सुरू केलंय. ईस्टरपासून. मी सांगितलं नाही हां, सांगितलं की गुण जातो." मिन्चोच्या पोटात जेवणाखेरीज काही राहत नाही.

ते पाणी आठवलं आणि मी पंपामागे एकटाच हसत बसलो. सूर्य उगवायच्या आत आत्या आपल्याला झऱ्यावर न्यायची. जाताना येताना कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही. एकदा मी शिंकलो, तर तिने भरलेला घडा तिथेच ओतला आणि मला पुन्हा वर चढवलं. मग त्या पाण्यात जूनमधल्या एन्योवदेनच्या पहाटे तोडलेल्या जुडीतला पाला. सत्त्याहत्तर आजारांना सत्त्याहत्तर झाडं, आणि ज्या आजाराला नाव नाही त्याला अर्धं. मी विचारायचो, अर्धं झाड कसं तोडतात? ती म्हणायची, "ज्याला विचारायची सवय आहे त्याला ते दिसत नाही."

तुझं दुखणं त्या अर्ध्यातलंच असणार. आत्याने घातला असेल काहीतरी पाला. घालू दे. तू हसतेस ना, मग झालं.

ग्रोझदान


१३ जून

ताई,

आधी हे वाच, मग हवं तेवढं रागाव. आत्याचं पाणी पिऊ नकोस. आणि नुसतं सोडून घरी बसू नकोस, लगेच सोफियाला तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना सांग की मी हे पीत होते.

आता कसं झालं ते सांगतो. या आठवड्यात कांतारिओनची पोती आली. आपल्या उतारावरचं ते पिवळं फूल, कळी चुरगळली की बोटं लाल होतात ते. लहानपणी आपण हाताला चोळून रक्त आलं म्हणून आत्याला घाबरवायचो. इथे त्याच्या गोळ्या होतात, उदास माणसांसाठी. प्रत्येक खोक्यात घडी घातलेला कागद जातो. घडीचं यंत्र बंद पडलं म्हणून आम्हालाच घड्या घालायला बसवलं. नेज्मीला जर्मन वाचता येतं. कंटाळा घालवायला तो मोठ्याने वाचत होता.

"ऐक, हे घेणाऱ्याने कडक उन्हात फिरू नये. तुला चालेल, तू कुठे ऊन बघतोस! पुढे. मुलं होऊ नयेत म्हणून गोळ्या घेणाऱ्या बायकांनी सांभाळावं. हे माझ्या मेहुणीला कोणीतरी सांगायला हवं होतं, पाच झाली. पुढे. ज्यांना दुसऱ्याचा अवयव बसवलाय आणि त्याची औषधं चालू आहेत, त्यांनी हे अजिबात घेऊ नये."

मेहुणीबद्दल बोलला त्याच सुरात हेही वाचलं. माझा हात घडीवरच थांबला.

"परत वाच."

"प्रेमपत्र आहे का परत वाचायला?"

"नेज्मी, परत वाच."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सावकाश वाचलं. मग त्यालाही आठवलं की पंपामागे मला काय नावाने बोलावतात.

संध्याकाळी त्याला ओढत औषधाच्या दुकानात नेलं. काउंटरवरच्या बाई समजावत होत्या, तो मला आपल्या भाषेत सांगत होता. शरीराला परकी किडनी ओळखू येऊ नये म्हणून त्या उग्र वासाच्या गोळ्या. म्हणजे शरीराला झोपवून ठेवायचं. हा पाला लिव्हरला असा पिटाळतो की गोळीचं काम व्हायच्या आत लिव्हर तिला साफ करून टाकतं. तू वेळेवर गिळतेस, एकही चुकवत नाहीस, आणि तरी अंगात औषध नाही. शरीर जागं होतं. जागं झालं की परकं काय आहे ते शोधतं.

मी विचारलं, आधी काय दुखतं? बाई म्हणाल्या, बऱ्याचदा काहीच नाही. उलट मन हलकं असतं, कारण पाला त्याचं काम चोख करत असतो.

ताई, मिन्चोने सांगितलं तुझे गाल भरलेत. मी खूश झालो होतो.

आत्या पाण्यात नेमकं काय घालते ते मला माहीत नाही. पण जुडीत कांतारिओन असतोच, मीच तोडायचो. झऱ्याच्या वरच्या अंगाला, मोडक्या कुंपणापाशी. मनाच्या दुखण्याला ती दुसरं काय घालणार?

मिन्चो उद्या निघतोय. हे पत्र त्याच्या खिशात आणि निरोप तोंडी. तो विसरणार नाही, असल्या गोष्टी तो विसरत नाही.

ग्रोझदान


१ जुलै

ताई,

मिन्चो आला. बसच्या पायरीवर उभं राहून, सगळा पंप ऐकेल अशा आवाजात त्याने तुझं उत्तर सांगितलं. "किडनी त्याची असेल, तोंड माझं आहे!"

सगळे हसले. खरं सांगू, मलाही हसू आलं. उत्तर तुझंच आहे, तुझ्याशिवाय कोणाला सुचणार नाही. मग त्याला बाजूला घेतलं.

"पत्र वाचलं का तिने?"

"फोडलं. पहिली ओळ वाचली आणि म्हणाली, आला पुन्हा पहारेकरी. मग घडी करून एप्रनच्या खिशात."

"आणि आत्या?"

"आत्या म्हणे, जर्मनांच्या पोत्यातला पाला वेगळा, माझा वेगळा. तो यंत्राने कापलेला, बडबड करत भरलेला. मी तोंड मिटून तोडते. माझ्या पाल्याने आजवर कोणी मेलं नाही. आणि त्या मुलाला सांग, तिने भिंत सोडली ती माझ्यामुळे, तो तर पळून गेला होता."

यातलं शेवटचं खरं आहे.

पण मिन्चोला मी खोदून खोदून विचारलं. मे महिन्यात तू तपासणीला गेलीस तेव्हा रक्तात औषध कमी आलं ना? डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवतेस. तू रागाने लाल झालीस, आयुष्यात एक गोळी चुकवली नाही म्हणालीस. त्यांनी गोळी वाढवली. मग विचारलं, दुसरं काही औषध घेतेस? तू म्हणालीस, नाही. मिन्चो म्हणतो, "खोटं कुठे बोलली? पाणी म्हणजे औषध असतं का?" आणि तसंही आत्याने तुला बजावलेलंच, की पिणाऱ्यानेही कोणाला सांगायचं नाही. तोंड उघडलं की गुण गेला.

अगं, डॉक्टरांना दिसलं होतं. दार अर्धं उघडं होतं. आणि तुम्ही दोघी तोंड मिटून बसलात.

एन्योवदेनला तू स्वतः आत्याबरोबर फुलं तोडायला गेलीस, अनवाणी, दवातून. परत येताना चप्पल पायात जाईना. आत्या म्हणाली, दवाने फुगले. मिन्चोला याचं हसू येत होतं. मला नाही आलं.

एक कर. नडगीवर अंगठा दाब, जोरात, आणि उचल. खड्डा तसाच राहतो का बघ. आईची अंगठी बोटातून निघते का बघ. टाके घातलेल्या बाजूला, पोटात खाली, हात ठेवला की दुखतं का बघ. मला सांगू नकोस. मला काहीच सांगू नकोस हवं तर. डॉक्टरांना सांग.

तुला वाटतं मी माझ्या वस्तूची काळजी करतोय. ती माझी नाही गं. दिली तेव्हाच तुझी झाली. तू खारं खा, सिगारेट ओढ, मला शिव्या दे, माझं नाव घरात काढू नकोस. फक्त ते पाणी नको.

ग्रोझदान


३ जुलै, बसमध्ये

ताई,

परवाचं पत्र मिन्चोच्या खिशातून परत घेतलं. दोन्ही आता हातोहात देईन. अक्षर हलतंय, रस्ता वाईट आहे.

गावच्या तारा तुटलेल्याच, पण शहरातल्या तुझ्या कारखान्याचा नंबर मिन्चोकडून काढला आणि काल फोन लावला. बाई म्हणाल्या, "वेलिका? तिची मशीन दुसरीला दिली. ती येत नाही. पाय बुटात जात नाहीत, तापही आहे म्हणे. तू कोण?"

"भाऊ."

"जर्मनीचा? अरे, मग तूच विचार की तिला!"

सोफियाच्या रुग्णालयातही लावला. तिथे म्हणाले, फोनवर पेशंटबद्दल बोलत नाही, घेऊन या. मालकाकडे सुट्टी मागितली, नाही म्हणाला. मग न मागताच घेतली. नेज्मीने पाव आणि उकडलेली अंडी बांधून दिली आणि तो कागद, घडी घातलेला. म्हणाला, "डॉक्टरच्या नाकासमोर धर."

मिन्चोने मला पुढची सीट दिली, त्याच्या शेजारची, जिथे तो कोणाला बसू देत नाही. आणि गप्प आहे. हंगेरी अख्खी गेली तरी एक विनोद नाही. मिन्चो गप्प असला की मला भीती वाटते. मी म्हटलं, "बोल काहीतरी."

"एन्योवदेनपासून ती झोपूनच आहे रे. निघताना मला म्हणाली, ग्रोझदानला सांगू नकोस, तो काम सोडून येईल आणि मग मी त्याला कायमची देणं लागेन. शपथ घातली." मग म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा मी कोणाचं गुपित पाळलं."

मी त्याला नेज्मीचं एक अंडं सोलून दिलं. तो गाडी चालवत होता आणि डोळे पुसत होता, आणि बसमध्ये चाळीस माणसं होती.

ताई, मी येतोय. दार उघडू नकोस हवं तर, मी खिडकीतून येईन, लहानपणी यायचो तसा.

ग्रोझदान


९ जुलै, सोफिया

ताई,

आपल्यात फक्त एक काच आहे आणि तरी पत्र लिहितोय. हसायला हरकत नाही. तुला ठिबकातून जे जोरकस औषध देताहेत, त्याने अंगातली सगळी राखण उतरते, म्हणून आत कोणाला सोडत नाहीत. नर्सबाई चांगल्या आहेत, कागद नेईन म्हणाल्या. तू ग्लानीत होतीस, म्हणून मी आलो त्या दिवसापासूनचं सगळं पुन्हा सांगतो.

मी पोचलो तेव्हा तू मला ओळखलंस आणि म्हणालीस, "आलास? बघ, जागेवर आहे अजून." तुझे डोळे सुजून बारीक झाले होते. दारावर नवी जुडी टांगलेली, पिवळी धमक, अजून पुरती सुकलीही नव्हती. शेजाऱ्याच्या गाडीतून तुला आणलं. आत्या मागे तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

तरुण डॉक्टर रक्ताचा कागद घेऊन आले आणि म्हणाले, "औषधाचा अंगात मागमूस नाही. गोळ्या बंद केल्यास ना? खरं सांग, रागावणार नाही." तू मान हलवलीस. नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तू आत्याकडे बघितलंस. आत्या जमिनीकडे बघत होती. डॉक्टरांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की ते तुला खोटारडी समजताहेत.

मग मी बोललो. झरा, जुडी, कांतारिओन, ईस्टरपासून, सगळं. नेज्मीचा कागद पुढे केला. माझं संपायच्या आत आत्या ओरडली, "गप! गुण जाईल!"

आणि तिचे शब्द तिलाच ऐकू आले. तिने तोंडावर हात ठेवला. ताई, तो हात तिने अजून काढलेला नाही. जेवताना काढते, पाणी पिताना काढते, पुन्हा ठेवते. बाकावर माझ्या शेजारी बसलीय. पिशवीत छोट्या बाटलीत ते पाणी होतं, तुला वाटेत द्यायला आणलेलं. तपासायला डॉक्टरांनी मागितलं, तिने निमूट काढून दिलं. तिच्यावर रागवायला गेलो तर तिचे हात दिसले. बोटांच्या चिरांत लाल रंग आहे अजून, एन्योवदेनच्या फुलांचा. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस तेव्हा तुझ्याजवळ तीच होती.

डॉक्टरांना विचारलं, हे दुखणं मागे वळेल का? म्हणाले, "लवकर कळलं असतं तर सहसा वळतं. आता बघू. कधी वळतं, कधी नाही."

मी म्हटलं, "नाही वळलं तर माझी घ्या."

ते म्हणाले, "तुझ्याकडे एकच आहे."

हे मला माहीत होतं. तरी कोणीतरी तोंडाने सांगेपर्यंत मी ते मोजलंच नव्हतं.

नर्सबाई म्हणतात, सकाळी तू खारं चीज मागितलंस. मी बाजारातून आणलंय, मेंढीच्या दुधाचं, ओलं, तुला आवडतं तसं. कागदात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलोय. डॉक्टर हो म्हणाले की आत पाठवतो. बशी ओढणार नाही.

झोपेत कूस वळवलीस तर काचेकडे वळ, भिंतीकडे नको.

आणि एक. मी तुला लिहिलं होतं, रिकाम्या जागी काय दुखणार. मिन्चो म्हणतो, बसमध्ये अवघडून बसलास म्हणून असेल. तसंच असेल. पण पहाटे तुझा ताप पुन्हा चढला म्हणून आत सगळे धावले ना, तेव्हापासून तिथे दुखतंय.

ग्रोझदान